क्लास लावले नाहीत, मूल वर्गात गप्प बसतं: आमची पद्धत चुकतेय का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं माहेर निपाणीचं, आई विड्या वळायची, आणि तुम्ही चार भावंडं कुणी मुद्दाम लक्ष न घालता मोठी झालात. सासर येळ्ळूरचं. मिस्टर बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात आहेत, तुम्ही टिळकवाडीसारख्या सुखवस्तू भागात भाड्याने राहता. मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात तिसरीला. बिल्डिंगमधल्या मुलांना ॲबॅकस, कराटे, ड्रॉइंग, पोहणं असे तीन-चार क्लास आहेत, तुम्हाला कसाबसा एक परवडतो. सासूबाई म्हणतात, पोराला मोकळं सोड, आपोआप वाढतंय. मिस्टर अभ्यासावरून कधीमधी हात उचलतात. मुलगा घरात अखंड बडबडतो आणि वर्गात टीचरसमोर तोंड उघडत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "आमची वाढवायची पद्धत चुकतेय, की आमच्यासारख्यांच्या मुलांचं असंच व्हायचं?"

मी सरकारी मराठी शाळेत 31 वर्षं शिकवलं. पहिली 11 वर्षं खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या एका वाडीत. उरलेली बेळगावात, वडगाव-शहापूरकडच्या विणकर वस्तीत. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस पालकांशी बोलण्यात जातात. त्यांत मागावर बसणारे असतात तसे डॉक्टर-वकीलही असतात. जे सांगते ते या सगळ्यांना बघून.

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. क्लास न लावल्याने मुलाचं नुकसान होतं का, हा एक. तो वर्गात का बोलत नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही पहिल्यात शोधताय. चार-चार क्लास करून वर्गात मान खाली घालून बसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. आणि क्लास म्हणजे काय ते माहीत नसलेली, पण तपासणीला साहेब आले तरी उभं राहून सरळ बोलणारी मुलंही पाहिली.

इथे बसून मला जे ठरवता येणार नाही ते आधी सांगते. मुलगा मधल्या सुट्टीत मित्रांशी बोलतो का? मराठीत बोलायची मुभा मिळाली की टीचरशी बोलतो का? या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तो बुजरा नाही, त्याला इंग्रजी अजून जिभेवर आलेली नाही, एवढंच. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीच्या टोकाच्या दुकानात कन्नड, अशा तीन भाषांत राहणारं मूल एखाद्या भाषेत बराच काळ नुसतं ऐकत बसतं. पण घराबाहेर तो महिनोन् महिने कुणाशीच बोलत नसेल, मित्रांशीसुद्धा नाही, तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. शिवाय काही मुलं स्वभावानेच थोडं बोलतात, त्यांना तसंच राहू द्यावं.

आता वाढवायच्या पद्धतीविषयी. ॲनेट लारो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांची मुलं असलेल्या 12 कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांचं रोजचं जगणं जवळून पाहिलं. 2003 साली ते प्रसिद्ध झालं. त्यांना दोन रीती दिसल्या. शिकल्या-सवरल्या, बऱ्या पगाराच्या घरांतून मुलाची मशागत चालते: वेळापत्रक, क्लास, गाडीतून ने-आण, प्रत्येक गोष्टीवर चर्चा, मुलाचं मत विचारणं. कामगार आणि गरीब घरांतून मुलाला खाऊपिऊ घालायचं, जपायचं, वळण लावायचं आणि बाकी त्याचं त्याला वाढू द्यायचं. पहिल्या रीतीला त्यांनी दिलेल्या नावातच मशागत हा शब्द आहे. दुसरीला त्या नैसर्गिक वाढ म्हणतात. तुमच्या सासूबाई म्हणतात तेच.

आणि ताई, त्या अभ्यासात नैसर्गिक वाढीची बाजू लंगडी नव्हती. ती मुलं चुलत-मावस भावंडांत जास्त रमायची, त्यांच्या घरात भावंडांची भांडणं कमी असायची, आणि 'आता काय करू' असं ती क्वचितच म्हणायची. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतलं एक शिबिर आठवलं. पंचवीसेक वर्षं झाली असतील. शहरातल्या एका खासगी शाळेची तीसेक मुलं आमच्याकडे दोन दिवस राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी जांबोटीकडचा पाऊस लागला, म्हणजे समोरचा माणूस दिसेना. आखलेला कार्यक्रम बुडाला. शहरातली मुलं दर पाच मिनिटांनी यायची, "टीचर, आता काय करायचं?" आमच्या मुलांनी तोवर पागोळ्यांखालचे खडे गोळा करून गजगे मांडले होते. एका पोराने सागाचं मोठं पान डोक्यावर धरून पाहुण्यांना अंगणात ओढलं. दुपारपर्यंत साठ मुलं एकाच खेळात होती. तो खेळ कुणी शिकवला नव्हता, नियम काढले आमच्या पोरांनी आणि भांडणंही त्यांनीच मिटवली.

पण त्याच शिबिरात आणखी एक गोष्ट पाहिली. मुलं तपासायला तालुक्याहून डॉक्टर आले होते. शहरातली एक मुलगी त्यांना म्हणाली, "मला सिरप नको, उलटी होते. गोळी द्या. आणि ही किती दिवस घ्यायची?" डॉक्टरांनी गोळी दिली, दिवस सांगितले. तिच्यामागे आमचा एक मुलगा होता. कान फुटला होता, उशी भिजायची रात्री. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? त्याने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मी बोलले तेव्हा कानाचं कळलं. मी तिथे नसते तर तो मुलगा "काही नाही" म्हणून परत गेला असता. गजग्यांच्या खेळाचा पुढारी तोच होता, ताई.

आईबापाची परिस्थिती मुलात शिरते ती अशा जागी. माया दोन्ही आयांना सारखीच होती, आणि हुशारीत तो मुलगा त्या मुलीपेक्षा कमी नव्हता. फरक पडला तो टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायची वेळ आली तेव्हा. लारोबाईंच्या अभ्यासातही हेच ठळक आहे: एक आई दवाखान्यात जाताना गाडीतच मुलाला सांगते, डॉक्टरांना काय विचारायचंय ते मनात ठरवून ठेव. शाळा, दवाखाना, बँक, कचेरी या सगळ्या जागा विचारणाऱ्याला द्यायला बसलेल्या असतात. जो विचारत नाही त्याला काही गरज नाही असं धरलं जातं. तुमचा मुलगा टीचरसमोर गप्प असतो, म्हणजे टीचरच्या वहीत तो 'समजलंय' किंवा 'लक्ष नाही' यांपैकी एका रकान्यात जातो. तिसरा रकाना कुणी आखलेलाच नसतो.

ही सवय गरीब घरात का लागत नाही, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर उगीच तुमच्या मिस्टरांवर राग निघेल. मेल्विन कोन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. वडिलांचं काम आणि मुलांकडून त्यांची अपेक्षा यांचा संबंध त्यांनी आधी अमेरिकेत आणि मग इटलीतल्या तुरीन शहरात तपासला. 1969 साली त्यांचं म्हणणं पुस्तकरूपाने आलं. ज्याच्या कामात वरच्याने सांगितलेलं तंतोतंत पाळावं लागतं तो बाप मुलात आज्ञाधारकपणा बघतो. ज्याला कामात स्वतः निर्णय घ्यायचे असतात तो मुलात चौकसपणा बघतो. उद्यमबागेत हे अगदी पटतं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना हेल्परने "का?" विचारत उभं राहायचं नसतं, 'सरक' म्हटलं की सरकायचं असतं. तिथे आज्ञा पाळणं म्हणजे हातपाय शाबूत राहणं. आठ-दहा तास त्या जगात वावरलेला माणूस घरी येऊन मुलाला 'सांगितलं की कर' म्हणतो, ती त्याची काळजीच असते. तुमच्या आईचंही तसंच. सूप मांडीवर, हजार विड्यांचा हिशेब डोक्यात, एकेका विडीवर मजुरी ठरलेली. ती माउली मुलांशी 'तुला काय वाटतं बाळा' अशी चर्चा कुठल्या वेळात करणार होती?

विणकर वस्तीत मला आणखी एक कारण दिसलं. पॉवरलूम चालू असलेल्या घरात बोलणं ऐकूच येत नाही. खोलीत दोन माग असले की माणसं खुणांनी बोलतात, नाहीतर ओरडून. "ये." "जा." "जेव." पहिलीत आलेल्या मुलांपैकी कुणाच्या घरी माग आहेत ते मला पहिल्याच आठवड्यात आवाजावरून कळायचं. ती एकतर मोठ्याने बोलत, नाहीतर बोटाने दाखवत. 1995 साली अमेरिकेतल्या 42 कुटुंबांवरच्या एका अभ्यासातून निघालं की गरीब घरातल्या मुलांच्या कानावर चार वर्षांची होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात. तो आकडा जगभर फिरला. पुढच्या संशोधकांनी त्यावर हरकत घेतली: आजी, काकू, शेजारणी यांचं आजूबाजूचं बोलणं मोजलं तर चित्र बदलतं आणि एकाच थरातल्या घराघरांतही मोठा फरक असतो. मला हरकत घेणाऱ्यांचं जास्त पटतं. येळ्ळूरच्या तुमच्या सासरी चुलीपुढे जेवढं बोलणं होत असेल तेवढं टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये महिन्यात होत नसेल. तेव्हा सासूबाईंचं बोलणं, त्यांच्या गोष्टी, त्यांचे गावठी शब्द तोडू नका. ते मुलाचं भाषेचं भांडवल आहे.

हातावर पोट असलं की मायासुद्धा आखडते, हेही खरं. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची विचारशक्ती तोडणीआधी, पैसा संपलेला असताना तपासली, आणि पुन्हा तोडणीनंतर पैसा हातात आल्यावर. तोडणीआधी तीच माणसं कमी गुण मिळवत होती. चिकोडी-अथणी-रायबागकडे ऊसबिलाची वाट बघणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बिल थकलं की घरात मुलांवर हात पडतो, बिल जमा झालं की तोच बाप पोराला बाजारात घेऊन जातो. माणूस तोच असतो. म्हणून तुमच्या मिस्टरांशी महिनाअखेरीला या विषयावर बोलू नका. पगार झाल्यावरच्या रविवारी बोला.

या बाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे, ती सांगते. शहरात आल्यावर पहिली काही वर्षं पालकसभेला न आलेल्यांच्या मुलांच्या प्रगतिपत्रकावर मी 'पालकांचे लक्ष नाही' असं लिहायचे. एकदा एका मुलाची आई शाळेच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "बाई, सभेला आलो तर त्या दिवसाचं सूत तसंच ऱ्हातंय की ओ. लक्ष हाय." त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या सभेपासून मागाला सुट्टी असेल त्या दिवशी, संध्याकाळी सभा ठेवायला लागले. वर्ग भरून बायका यायच्या. लक्ष पहिल्यापासून होतंच, सभेची वेळ शाळेच्या सोयीची होती.

तेव्हा इथवरचं असं: तुमची पद्धत वाईट नाही, तिला कारणं आहेत आणि तिच्यात जपण्यासारखं खूप आहे. एक धागा मात्र तिच्यात राहून जातो, तो म्हणजे मोठ्या माणसाला, खुर्चीवरच्या माणसाला विचारण्याची सवय. हा धागा पैशाने विकत मिळत नाही, म्हणून तो तुम्हाला घालता येतो.

मारण्याबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आहे, आणि जे शाळेत चालत नाही ते घरात योग्य कसं होईल? डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या: नुसता धाक घालणारे, सगळं चालवून घेणारे, आणि नियम ठाम ठेवून मायेने कारण सांगणारे. तिसरी तऱ्हा मुलांना सर्वांत मानवते. तिला पैसा लागत नाही, पण दमलेल्या माणसाला ती अवघड जाते, हे मान्य करते. मार खाणारं मूल अभ्यास करतं की नाही ते मूल बघून सांगावं लागेल, पण ते विचारायचं थांबवतं हे मी शेकडो वेळा पाहिलंय. चुकीचं विचारलं तर धपाटा, मग न विचारलेलं बरं. आणि तुमची तक्रार तर नेमकी तो बोलत नाही हीच आहे. मिस्टरांना 'तुम्ही अडाण्यासारखं वागता' असं म्हणू नका. त्यांना म्हणा, रोज जेवणानंतर दहा मिनिटं त्याला फौंड्रीतलं सांगा: लोखंड कुठल्या उष्णतेला वितळतं, साच्याला वाळू कुठली, कास्टिंगमध्ये हवा राहिली तर काय होतं. बापाला ज्यात सगळं कळतं त्या विषयात मुलाला 'का' विचारू द्या. मी हे बऱ्याच घरांत सुचवलं, आणि महिन्याभरात मुलापेक्षा बाप बदललेला दिसला.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी बाहेरच्या अभ्यासांत मला सापडत नाही. आमच्या शाळेत सहावीत एक मुलगी होती, विणकराची. वडिलांना कन्नड बोलता यायचं मोडकं, वाचता यायचं नाही. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला हवा होता. वडील दोनदा नाडकचेरीतून, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतून, हात हलवत परत आले, फॉर्म कन्नडमधला. तिसऱ्या खेपेला मुलगी बरोबर गेली. फॉर्म तिने वाचला, भरला, खिडकीवर उभी राहिली. कारकून म्हणाले नाळे बा, उद्या ये. तिने विचारलं, उद्या किती वाजता, आणि आणखी कुठला कागद आणू? दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच. दाखला निघाला. त्यानंतर ती मुलगी वर्गात बदलली. मी गणित शिकवताना "बाई, हे असं का?" म्हणून उभी राहायला लागली. जे टिळकवाडीतली आई गाडीत बसून शिकवते ते हिला खिडकीने शिकवलं होतं.

सीमाभागातल्या कितीतरी घरांत मूलच घराचं दुभाषी असतं. रेशनचा कागद, लाइटचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी तेच वाचून दाखवतं. याकडे आपण गरिबीची लाज म्हणून बघतो. मला ती त्या मुलांची कमाई वाटते. सुखवस्तू घरातल्या, सगळं आयतं हातात येणाऱ्या मुलांना ही संधीच मिळत नाही. फक्त एक मर्यादा पाळा. दाखला, तिकीट, बिल ठीक. आजाराचं निदान, कर्जाची नोटीस, जमिनीचं भांडण यात मुलाला मध्ये घालू नका. आपल्या आईचा रिपोर्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकून तो मराठीत आईला सांगायची वेळ एका दहा वर्षांच्या मुलावर आलेली मी पाहिली आहे. तो मुलगा नंतर कित्येक दिवस वर्गात नुसता बसून असायचा.

तुम्ही काय करावं? पहिल्यांदा बसमध्ये. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, तुम्हाला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. पण आठ वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढावं लागतं. ते त्याला काढू द्या. येळ्ळूरला जाताना पैसे त्याच्या हातात द्या, "वंदु हाफ कोडी" (एक हाफ द्या) एवढं कन्नडमध्ये म्हणायला शिकवा आणि तुम्ही खिडकीबाहेर बघा. कंडक्टर घाईत असेल, खेकसेलही. पुढच्या वेळी मुलगा मोठ्याने बोलेल. मग किराणा दुकानात उरलेले पैसे मोजून मागायला सांगा. मग दवाखान्यात. निघण्याआधी घरीच विचारा, "डॉक्टरांना तू काय सांगणार, काय विचारणार?" एकच प्रश्न ठरवा. तिथे गेल्यावर तुम्ही मध्ये बोलू नका. हे सर्वांत कठीण आहे, आईची जीभ आवरत नाही, मला माहीत आहे.

घरात रोज एका तरी 'का'ला खरं उत्तर द्या. "मी सांगते म्हणून" हे एखादवेळी चालेल, रोज नाही. त्याने तुमच्याशी हुज्जत घातली आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं तर तसं म्हणा. घरात एकदाही न जिंकलेलं मूल बाहेर वाद घालायला उभं राहत नाही. सासूबाईंना हे उद्धटपणा वाटेल. त्यांना सांगा, आवाज चढवून नाही, अहो-जाहो करून विचारायला शिकवतेय. मान ठेवून विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, कीर्तनात बुवांना शंका विचारणारी माणसं त्यांनीही पाहिली असतील.

टीचरला भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका आणि हात जोडूनही जाऊ नका. एवढंच म्हणा: "तो घरी मराठीत खूप बोलतो. वर्गात त्याला उत्तर आधी मराठीत सांगू द्याल का? आणि आठवड्यातून एकदा त्याला असा प्रश्न विचाराल का ज्याचं उत्तर त्याला नक्की येतं?" मी स्वतः शिक्षिका होते म्हणून सांगते, इतकी नेमकी मागणी घेऊन येणारा पालक शिक्षकाच्या लक्षात राहतो आणि त्याचं मूलही. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून शाळेत जायला संकोचू नका. मराठीतच बोला. माध्यम निवडलंत ते निवडलंत, त्याची रुखरुख आता नको. त्याऐवजी मराठी वाचायला शिकवा, कारण एका भाषेत वाचायला आलं की दुसरीचं ओझं हलकं होतं. येळ्ळूरला गेलात की ग्रामपंचायतीच्या वाचनालयात त्याचं नाव घाला. 2020 च्या 'ओदुव बेळकु' कार्यक्रमापासून तिथे मुलांना सभासदत्व फुकट आहे.

क्लासचं थोडक्यात. ॲबॅकसने तोंडी हिशेब भरभर होतात, त्यापलीकडे मी कुठे चमत्कार पाहिला नाही. त्याला आवडत असेल तर ठेवा, नसेल तर बिल्डिंगमधल्या कुणासाठी ठेवू नका. एका वेळी एक, आणि तो त्याने निवडलेला. त्या पैशात सुट्टीभर येळ्ळूरला ठेवलंत तरी चालेल. चुलत भावंडांबरोबर राजहंसगड चढला, भाताच्या चिखलात उतरला, शेळीमागे धावला, आजीच्या हाताखाली दोन कामं केली, हे कुठल्याच क्लासात नाही. तिथे त्याला "बोअर होतंय" म्हणायची वेळ आली तर येऊ द्या, त्यातूनच खेळ निघतात.

बिल्डिंगमधल्या बायकांबद्दल मनात अढी धरू नका. त्याही घाबरलेल्याच असतात. डॉक्टरांच्या घरातल्या आया माझ्याजवळ येऊन रडलेल्या आहेत, की मुलगा सहा वाजेपर्यंत क्लासला असतो आणि घरी आल्यावर आमच्याशी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र पुढे उपयोगी पडेल म्हणून आताच लिहून ठेवते. लारोबाई जवळजवळ दहा वर्षांनी त्याच मुलांकडे परत गेल्या. अंतर मिटलं नव्हतं. कारण शिकलेल्या पालकांना पुढची वाट ठाऊक होती: कुठला विषय, कुठली परीक्षा, अर्ज कधी. कामगार पालकांनी विश्वासाने सगळं शाळेवर सोडलं होतं. आपल्याकडे ही वेळ एसएसएलसीला, म्हणजे दहावीला येते. सायन्स पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा, आयटीआय, सीईटी, आणि सीमाभागातल्यांना आणखी एक दार: महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. हे टिळकवाडीत आठवीपासून माहीत असतं. माझ्या विणकर वस्तीत निकाल लागल्यावर कळायचं, तेव्हा दाखले जमवायला वेळ उरायचा नाही. नुसतं धीटपणे बोलायला शिकवून ही दरी भरत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्यासाठी वाट दाखवणारं माणूस लागतं. सातवी-आठवीच्या सुमारास असं एखादं माणूस शोधून ठेवा, तुमच्या गावातलं, त्या वाटेने गेलेलं.

तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, 'आमच्यासारख्यांच्या मुलांचं असंच व्हायचं?' कान फुटलेला तो वाडीतला मुलगा आणि खिडकीवर उभी राहिलेली ती मुलगी, दोघंही तुमच्या-माझ्यासारख्यांचीच. एकाच्या वतीने मी बोलले, दुसरी स्वतः बोलली, कारण तिला कुणीतरी खिडकीपर्यंत नेलं आणि मागे थांबलं. येत्या पालकसभेला मुलाला घरी ठेवू नका, बरोबर न्या. आदल्या रात्री त्याला एक प्रश्न निवडायला सांगा, अगदी 'डबा खायला वेळ कमी का' हासुद्धा चालेल. टीचरसमोर उभं करा आणि थांबा, कितीही वेळ लागला तरी. काय विचारलं ते इथे लिहा, मी वाट बघते.